दुपारी एक ते चार बंद

अंधेरी,
१२ जुलै १९८६

प्रिय सुलू,

लग्न करून मुलुंडला गेलीस ती गेलीसच. मुलुंड म्हणजे काय दुबई आहे का गं, की तिथे पोस्टाचं तिकीट मिळत नाही? वर्ष होत आलं आणि तुझी पत्रं दोन. त्यातलं एक दिवाळीचं शुभेच्छापत्र, तेही नवऱ्याच्या अक्षरातलं. सहदेवरावांना म्हणावं, अक्षर छान आहे, पण मला तुझं वाचायचंय.

दुपारचे दोन वाजलेत. दुकान एक ते चार बंद, म्हणून साडी काउंटरमागे बसून निवांत लिहितेय. तुझं स्टूल अजून रिकामंच आहे. मॅनेजर गुप्ते साहेब म्हणाले, गिऱ्हाईकच नाही तर दुसरी बाई कशाला. खोटं नाही ते. आठवतं, आपण दोघी लागलो तेव्हा दसऱ्याच्या आधी नंदादीप भांडारचं शटर आतून धरून ठेवायला लागायचं. अंधेरीतली निम्मी लग्नं आपल्या काउंटरवरून गेली. नंदादीपची साडी म्हटलं की भाव एक आणि रंग पक्का, पुढे कोणी विचारायचं नाही. आता बायका येतात, काचेतून बघतात, पंख्याखाली घाम वाळवतात आणि जातात.

गिरगावच्या हेड ऑफिसचं पत्रक आलंय. ज्या शाखेच्या साडी काउंटरची विक्री दिवाळीपर्यंत वाढणार नाही, तिचा ‘फेरविचार’ करणार. अकरा शाखांपैकी घाटकोपरचा फेरविचार झाला, तिथे आता लग्नाचा हॉल आहे. मला भीती वाटते, सुलू. अण्णांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, हे तुला सांगायला नको. घर माझ्या पगारावर चाललंय.

गिऱ्हाईक का येत नाही याची कारणं मात्र भरपूर. गुप्ते साहेब म्हणतात, टीव्ही. डिलिव्हरी काउंटरवरचा रतन म्हणतो, फुटपाथवाले. हेड ऑफिस म्हणतं, तुम्ही हसत नाही. काल मी मुद्दाम हसले, तर एक बाई म्हणाली, काय झालं, माझ्या तोंडाला काही लागलंय का.

तू मुलुंडच्या बायकांत राहतेस. तिथे त्या साड्या घेतात कुठे, एवढं बघून कळव.

तुझी,
वनी


मुलुंड,
२८ जुलै १९८६

वनीबाई,

रागावू नकोस गं. इथे सासूबाईंचे गुडघे, सकाळचा डबा, नळाची वेळ, यातून पेन सापडेपर्यंत शाई वाळते.

तू लिहिलंस म्हणून परवा मुद्दाम इथल्या नंदादीपमध्ये गिऱ्हाईक बनून गेले. सहा वर्षं काउंटरच्या आत उभी होते, पहिल्यांदाच बाहेरून उभी राहिले. यार, काय छळ आहे. नुसतं परकराचं कापड घ्यायचं होतं. काउंटरवर बाईंनी पावती केली, तीन प्रती. ती घेऊन कॅशच्या रांगेत. शिक्का मारून घेतला, मग डिलिव्हरीच्या रांगेत. तिथे कळलं, शिक्का फिका उठलाय, परत कॅशला जा. तेवढ्यात एक वाजला आणि शिपायाने शटर अर्धं ओढलं. मी वाकून बाहेर आले, कापड आत राहिलं. म्हणाले, चारनंतर या. चारला आमच्याकडे नळ येतो. ते कापड अजून तिथेच आहे.

आपण हे रोज बायकांना करायला लावत होतो, आणि वर त्याला शिस्त म्हणत होतो. मला तर घरी येऊन हसूच आलं, मग लाज वाटली.

इथल्या बायका साड्या कुठे घेतात ते काय सांगू. घेतात इकडून तिकडून. माझं आपलं बरं चाललंय. दुपारची घरीच असते, वेळ जातो.

पत्र छोटं झालं, पण दारात बायका आल्यात.

तुझी,
सुलू


अंधेरी,
२५ ऑगस्ट १९८६

प्रिय सुलू,

तुझं कापड पडलंय तर पडू दे, पण शिस्तीला नावं ठेवू नकोस. तीन प्रती आहेत म्हणून इतक्या वर्षांत नंदादीपमध्ये कधी लबाडी झाली नाही. घासाघीस नाही, फसवणूक नाही. लोक त्यासाठीच यायचे.

आता खरी बातमी. वेसाव्याची सरूबाई आली होती. तीच गं, मासळी बाजारात पहिल्या ओट्यावर बसते आणि गुप्ते साहेबांना दर रविवारी पापलेट देते. तिच्या मुलीची, मालनची, हळद नोव्हेंबरच्या शेवटी आहे. तिला नऊवारी पाहिजेत चाळीस. आणि सगळ्या एक. एक रंग, एक फूल, एक काठ. हळदीला घरच्या बायका एकसारखं नेसून नाचतात, हे तुला माहीतच आहे. एकीचं जरी वेगळं निघालं तरी ती बाई परकी दिसते, असं सरूबाई म्हणाली.

बोलता बोलता तिने काउंटरवरच्या साडीचा पदर बोटांत धरून चोळला. मागे आपला बोर्ड आहेच, ‘मालाला हात लावू नये’. गुप्ते साहेब धावत आले, बाई, हात नको, हात नको. सरूबाई त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, “माजे पाटीवरचा पापलेट चार वेला दाबून बगतस, नि तुजे दुकानान लुगरा दाबाचा नाय?” साहेब जाऊन खुर्चीत बसले. रतन काउंटरखाली वाकून हसत होता.

अडचण एकच. एका शाखेला एका डिझाइनचे सहाच नग, हा नियम. पण मी हेड ऑफिसला सगळं समजावून लिहिलंय, हळद, नाच, सगळं. दिवाळीच्या आधी माल देते म्हणून सरूबाईला शब्द दिलाय, पोलकी शिवायला वेळ हवा ना. हा माल गेला तर काउंटर वाचलं आणि काउंटर वाचलं तर शाखा वाचली. मी देवाला नारळ बोललेय.

तुझी,
वनी


मुलुंड,
२२ सप्टेंबर १९८६

वने,

गणपतीत हात पिठात होते, म्हणून उशीर.

नारळ देवाला बोललीस ते ठीक, पण हेड ऑफिसला चाळीस एकसारख्या म्हटलं की घाम फुटेल. त्या खरेदीच्या साहेबांना वाटतं, दोन बायका एक साडी नेसून समोरासमोर आल्या की भांडण होतं. त्यांच्या घरी होत असेल. आणि ते पाठवणार सुती, कडक, इस्त्रीची. हल्ली नाचायला तसली कोण नेसतं? सुरतेचा छापील माल घ्यावा. मऊ असतो, वाळत घातला की तासात सुकतो. रंग राणी नाहीतर पोपटी, फूल मोठं. फिका गुलाबी मुळीच नको, माझ्याकडे तर तो पडूनच... असो. असं बायका बोलतात, ते कानावर येतं.

एक मार्ग सुचतो. प्रत्येक शाखेला सहा नग मिळतात ना? मग सात शाखांकडचे एकाच डिझाइनचे सहा-सहा मागवून घे. चाळीस होऊन दोन उरतात, आणि नियमही मोडत नाही. आहे की नाही डोकं?

तुझी,
सुलू


अंधेरी,
१५ ऑक्टोबर १९८६

सुलू,

वाट लागली.

हेड ऑफिसचा गठ्ठा आला. चाळीस नऊवारी, बरोबर. पण डिझाइन सात. सहा-सहा नग आणि शेवटच्याचे चार. सोबत चिठ्ठी, ‘गिऱ्हाइकास निवडीस वाव असावा, हे भांडाराचे धोरण आहे.’

तुझं डोकंही वापरून बघितलं. एका शाखेतला माल दुसऱ्या शाखेत हलवायला खरेदी समितीची मंजुरी लागते. समिती बसणार जानेवारीत. मी फोनवर म्हटलं, साहेब, हळद नोव्हेंबरात आहे, पुढे ढकलायला सांगू का? ते म्हणाले, बघा विचारून.

सरूबाई पुढच्या आठवड्यात येईल. तिला काय तोंड दाखवू? दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय. आणि गुप्ते साहेब रोज काउंटरसमोरून हात मागे बांधून जातात, विचारत काही नाहीत.

आणखी एक ऐक. रतन कागद पोचवायला मुलुंडच्या शाखेत गेला होता. तिथली माणसं सांगत होती, पाच रस्त्याजवळ कोणी एक बाई घरातल्या पलंगावर साड्या मांडून विकते, आणि तेही नेमकं एक ते चार. बायका तिथे बसतात, चहा पितात, साड्या हाताळतात, नवऱ्याला दाखवायला घरी नेतात, नाही आवडली की परत आणतात. तिच्यामुळे मुलुंडचं काउंटर बसलं म्हणे. मी तर तिच्या नावाने बोटं मोडली. जागेला भाडं नाही, नियम नाही, शिस्त नाही, आणि आमच्या पोटावर पाय. तू तिथेच राहतेस, तुला ठाऊक असेल. कोण आहे गं ती भवानी?

तुझी,
वनी


मुलुंड,
१८ ऑक्टोबर १९८६

वने,

ती भवानी मी. बोटं मोडायची तर नाव घेऊन मोड, नाहीतर उगाच दुसऱ्या कोणाला लागायचं.

सांगणार होते, खरंच. तू पहिल्या पत्रात विचारलंस ना, बायका साड्या कुठे घेतात, तेव्हा ते पत्रच मी पलंगावर साड्यांचा ढीग बाजूला सारून वाचलं. मग काय लिहू? सुरुवात साधी झाली. दुपारी सासूबाई झोपतात, हे कामावर, मी काय भिंतींशी बोलू? ह्यांच्या ओळखीचा कुर्ल्याचा एक व्यापारी सुरतेहून माल आणतो. त्याने ठेवायला म्हणून थोड्या साड्या दिल्या. शेजारीण बघायला आली, तिने जावेला आणलं, जावेने भिशीतल्या सगळ्यांना.

नंदादीपचं शटर पडतं ना, त्याच वेळेला बायका मोकळ्या होतात गं. भांडी झालेली, पोरं शाळेत, नळ यायचा असतो. आपण सहा वर्षं त्या वेळेला काउंटरमागे डबा खाऊन पेंगत होतो. मी नवीन काही केलेलं नाही. आपल्याला तिथे जे जे करायची बंदी होती, तेवढंच इथे करते.

तुला चाळीस एकसारख्या पाहिजेत ना? कुर्ल्याच्या माणसाकडे तागे पडलेत. राणी रंग, मोठं फूल, नऊ-नऊ वार कापून देईल. सरूबाईला माझ्याकडे पाठव. मला त्यात काही सुटायला नको. पण लगेच कळव.

तुझीच,
सुलू


अंधेरी,
२२ ऑक्टोबर १९८६

सौ. सुलक्षणाबाई यांस,

आपलं पत्र पोचलं. मी इथे नारळ बोलतेय आणि आपण तिथे पलंगावर बसून नंदादीप खाताय, हे कळलं. मी विचारलं तेव्हा आपण लिहिलंत, ‘इकडून तिकडून’. वर मलाच तोडगे सुचवलेत.

मुलुंडच्या काउंटरवर रुक्मिणी आहे. आपल्या लग्नात जिने रात्रभर जागून रुखवत मांडला, तीच. तिलाही घर आहे. तिचाही फेरविचार व्हायचाय. चहा पाजताना तिची आठवण झाली होती का?

आम्हाला साड्या नकोत. माझं मी बघेन.

‘लोभ असावा’ असं लिहीत नाही, कारण तो नाही.

वनमाला साटम


मुलुंड,
२८ ऑक्टोबर १९८६

वने,

‘आम्हाला नकोत’ म्हणालीस, आणि काल दुपारी दारात सरूबाई उभी. सोबत तीन जावा आणि एक टोपली. म्हणाली, अंधेरीच्या वनीने पाठवलंय. पत्ता तुझ्या अक्षरात, नंदादीपच्या पावतीच्या मागे. मी दारातच रडायला लागले. सासूबाईंना वाटलं, माझ्या माहेरचं कोणी गेलं.

सरूबाईने सगळं सांगितलं. तू तिला गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, दुकानाला जमणार नाही, पण शब्द मी दिलाय, तो मी पाळते. आणि पत्ता लिहून दिलास. साहेब तिथेच होते म्हणे. वने, दिवाळीच्या तोंडावर एवढं गिऱ्हाईक हाताने बाहेर घालवलंस, तुला काही बोलले का ते? माझ्या जिवाला घोर लागलाय.

रुक्मिणीचं लिहिलंस ते लागलं मला. खरं आहे ते. मला आठवण झाली नव्हती. कबूल करायला बरं वाटत नाही, पण नव्हती झाली. काल संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आले. तिने आधी शिव्या घातल्या, मग पोहे केले.

सरूबाई आणि तिच्या जावा, चौघी पलंगावर बसल्या, त्याचा एक पाय आधीच डुगडुगत होता, तो मोडला. खाली बसून साड्या ठरवल्या. परवा माल मिळेल. टोपलीत सुके बोंबील आणि सोडे होते. सासूबाई तेव्हापासून विचारतायत, त्या बाया परत कधी येणार. वरच्या शहाकाकूंनी खिडक्या लावून घेतल्यात, त्या दिवाळीपर्यंत उघडतील असं वाटत नाही.

रागात असलीस तरी लिही. ‘सौ. सुलक्षणाबाई’ म्हण, चालेल.

सुलू


अंधेरी,
५ डिसेंबर १९८६

प्रिय सुलू,

साहेब ओरडले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाले, साटमबाई, पावतीची प्रत खासगी कामाला वापरू नये. मी हो म्हटलं. तेही गेले, मीही गेले.

हळदीला गेले होते. सरूबाईने एक साडी जास्तीची कापून घेतली होती, माझ्यासाठी. मालनच्या मावशीने मला कोळणीसारखी नेसवली, म्हणाली, दुकानातली बाई आणि नेसता येत नाही. मग बँड सुरू झाला आणि त्या सगळ्या ओळीने उतरल्या. सरूबाई, तिच्या जावा, म्हाताऱ्या, पोरी, सगळ्या राणी रंगात. अख्खी गल्ली त्या रंगाची झाली, सुलू. मी आधी कडेला उभी होते, मग मलाही ओढलं. कोण कुठली हे कोणी विचारलं नाही, साडी तीच ना.

तेव्हा मला आपल्या खरेदीच्या साहेबांची आठवण झाली. ते साडी बघतात ती घडी घातलेली, काचेमागची. नेसल्यावर बाई काय करणार आहे, ते कोणी बघितलंच नाही. मी तरी कुठे बघितलं? तो ‘हात लावू नये’चा बोर्ड रोज सकाळी मीच तर पुसत होते.

आता दुसरी बातमी. दिवाळी झाली आणि आमचा फेरविचार आला. ३१ मार्चला अंधेरी बंद. मुलुंडही. कारण लिहिलंय, ‘गिऱ्हाइकांची बदलती अभिरुची’. म्हणजे चूक बायकांचीच. एक मन म्हणतं, त्या चाळीस साड्या आपल्या काउंटरवरून गेल्या असत्या तर वाचलो असतो. रतन म्हणतो, वाचलो नसतो, जूनमध्ये मेलो असतो. ज्यांना पाहिजे त्यांना गिरगावच्या गोदामात घेणार आहेत, गठ्ठे मोजायला. मला ते काम नको वाटतं, पण पगार पाहिजे. अण्णांना अजून बोलले नाही. मी घरी गेले की ते दार उघडतात आणि विचारतात, आज गर्दी होती का? मी हो म्हणते आणि मोरीत जाऊन तोंड धुते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. दमलाय नुसता.

वनी


मुलुंड,
१० जानेवारी १९८७

वने,

दमलाय तर बसू दे त्याला, उठवू नकोस.

माझी बातमी ऐक. मला दिवस गेलेत, जूनमध्ये बाळंतपण. सासूबाईंनी हुकूम काढलाय, पलंग रिकामा करा. म्हणजे माझ्याही शाखेचा फेरविचार झाला. हसलीस ना? हस.

रुक्मिणीशी बोलले. मार्चनंतर मुलुंडचं सगळं ती तिच्या घरी बघेल. तिचा पलंग मोठा आहे आणि पाय चारही शाबूत. राहिलीस तू. गोदामात जाऊ नकोस, वने. तुझ्यासारखी साडी उलगडणारी बाई मी बघितलेली नाही. तू पदर टाकलास की गिऱ्हाईक मान वाकडी करून बघायचं, आणि मी बाजूला उभी राहून जळायचे. हे सहा वर्षांत कधी बोलले नाही, आता बोलते.

सरूबाई परवा येऊन गेली. तिच्या घरापुढे पडवी आहे, जाळी ठेवायची. म्हणाली, वनीला हवी असली तर जाळी काढते. भाडं नको म्हणते, पण तू दे. कुर्ल्याचा माणूस माझ्या शब्दावर माल देईल. आधी हळदीचा माल घे, वेसाव्यात दर हंगामाला कितीतरी हळदी.

आणि अण्णांना खरं सांग. त्यांची गिरणी गेली तेव्हा त्यांनी तुझ्यापासून लपवलं होतं का? फार तर दोन दिवस बोलणार नाहीत.

तुझी,
सुलू


वेसावे,
९ मे १९८७

प्रिय सुलू,

अण्णा दोन नाही, चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच विचारलं, पडवीत ऊन कुठून येतं, रंग उडतील. आता दुपारी येऊन बसतात आणि घड्या घालतात. गिरणीतल्या माणसाने घातलेली घडी आहे, उलगडायला जिवावर येतं.

भांडाराच्या शेवटच्या दिवशी काय झालं ते लिहायचं राहिलं. सेल लावला होता, आणि पहिल्यांदाच माल बाहेर टेबलांवर मांडला होता. काय गर्दी झाली, सुलू, शटर आतून धरायला लागलं. रतनने तो ‘हात लावू नये’चा बोर्ड घरी नेला. पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बरोबर बसतो म्हणे.

इथे झकास चाललंय असं लिहिणार होते, पण तुला खरंच लिहिते. पहिला महिना रडत गेला. साड्यांना सुक्या मासळीचा वास लागला, त्या सगळ्या उन्हात घातल्या. आता कापूर ठेवते. या महिन्यात तीन हळदी मिळाल्या. काल पहिल्यांदाच घरात पगाराएवढं दिलं, म्हणून लिहायचा धीर आला.

आणि परवा गुप्ते साहेब आले, त्यांच्या बाईंना घेऊन. भाचीचं लग्न आहे त्यांच्या. बाई चटईवर बसल्या, मी साड्या उलगडत गेले. त्या पदर उजेडात धरत होत्या, गालाला लावत होत्या. साहेब उंबऱ्याशी उभे, हात मागे बांधून, दुकानात फिरायचे तसेच. सरूबाई ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिथूनच म्हणाली, “दाब की साहेब. पापलेट समज.”

साहेब जरा लाजले. मग मागचा हात पुढे आणला आणि अंगठ्याने, बोटाने पदर दाबून बघितला. बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, “मऊ आहे. आपल्याकडे असा माल होता का हो, साटमबाई?”

मी म्हटलं, “थोडा होता, साहेब.”

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “मला काय माहीत? मी तर तुमच्या दुकानातून कधी साडी घेतलीच नाही. तिथे हात कुठे लावू द्यायचे. पार्ल्याला एक बाई आहेत, दुपारी घरी विकतात, त्यांच्याकडून घ्यायची.”

तीस वर्षं मॅनेजर होते गं ते. म्हणाले, “मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी?” असं म्हणून बाईंनी पुढची साडी ओढली.

मला वाटायचं, असा दिवस आला की मला आनंद होईल. झाला नाही. साहेबांचा चेहरा बघून मला अण्णा आठवले, गिरणीचा भोंगा बंद झाला त्या दिवशीचे. मी चटई झटकली आणि म्हटलं, साहेब, बसा, चहा टाकलाय. ते चपला काढून बसले, अण्णांच्या शेजारी. अण्णांनी एक साडी त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि दोघं मिळून घडी घालायला लागले.

बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं बोचकं पाठवतेय, सरूबाईच्या हातची गोधडीही आहे. धुऊन घे, वास येईल.

एक वाजत आला. बायका दारात चपला काढायला लागल्यात. पुरे करते.

तुझी,
वनी